तिथीची पाऊणपट

माझ्या आजोळी समुद्राची वेळ घड्याळात बघत नसत, तिथीवरून काढत. दापोली तालुक्यात खाडीच्या तोंडाशी आमचं ते गाव. मामा ओसरीवरून विचारायचा, "आई, आज तिथी काय गो?" आजी आतून सांगायची, "चतुर्थी." मग आम्हा पोरांकडे बघून मामा, "चाराची पाऊणपट?" आम्ही ओरडायचो, "तीन!" झालं, भरती तीनला. पहाटे तीन आणि दुपारी तीन. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढेमागे. पंधरवडा शुद्ध की वद्य हे बघायचंही कारण नाही. शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी पाठ करून घेत. त्यातली पाऊणकी आयुष्यात मला कामाला आली ती एवढ्यासाठीच.

पुढे कॉलेजात गेल्यावर मी हा हिशोब तपासून पाहिला. शहाणपणा अंगात आला की माणूस घरच्याच गोष्टी आधी तपासतो. चंद्र रोज पन्नासेक मिनिटं उशिरा डोक्यावर येतो, म्हणून भरतीही तेवढी मागे सरकते. दर तिथीला ४८ मिनिटं धरली तर पाऊणपटीचा हिशोब तिथीमागे तीन मिनिटं खातो, आणि पंधरवड्याच्या शेवटी पाऊण तासाचं अंतर पडतं. मी मोठ्या ऐटीत हे मामाला सांगितलं. तो म्हणाला, "तिसऱ्यांचे शिंपले काढायला चिखलात उतरायचं असलं तर पाऊण तासानं काय बिघडतं?" खरंच काही बिघडत नाही. चिखलात उतरणाऱ्याला पुरेल इतकं ते गणित बरोबर होतं आणि आजही आहे.

दोन वर्षांमागे मे महिन्यात मामाचा फोन आला. तो आता पंचाहत्तरीच्या पुढे आहे आणि फोनवर फार बोलत नाही. नारळी-पोफळीच्या आगराची खालची विहीर मचूळ लागायला लागली, असं म्हणाला. खारी नव्हे, मचूळ. आमच्याकडे या दोन शब्दांत मोठं अंतर आहे. खारं पाणी ओतून देतात, मचूळ पाण्याचा चहा करून आधी घरातल्या म्हाताऱ्याला विचारतात, "बघ रे, वेगळा लागतो का?" मी नेहमीप्रमाणे विचारलं, "भरतीचं काय?" तर म्हणाला, "वेळ बरोबर आहे. पाणी जास्त आहे."

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात घोळते आहे. आपल्या समुद्राचे दोन मालक आहेत. भरती-ओहोटी चंद्राची. तिथे काही बदललेलं नाही. चंद्राला आपल्या धुराशी देणंघेणं नाही. पण समुद्राची ऊब, त्यावरून वाहणारे वारे, त्यातला प्राणवायू, पाण्याची पातळी, त्यात कोणता मासा राहील आणि कोणता निघून जाईल, हा सगळा कारभार सूर्याचा. आपण हात घातला तो या दुसऱ्या कारभारात. त्यामुळे मामाचं गणित अचूक येतं आणि तरी विहीर मचूळ होते. आधी मला हे विचित्र वाटायचं. खरं तर त्यात विसंगती काहीच नाही.

आगराच्या खालच्या अंगाला खाडीकडून गडगा आहे, जांभ्या चिऱ्यांचा, बिनचुन्याचा. मामा दर पावसाळ्यात सगळ्यात मोठ्या उधाणाचं पाणी जिथवर चढेल तिथे चिऱ्यावर डांबराची रेघ ओढायचा आणि शेजारी साल लिहायचा. पहिली रेघ १९८१ ची. का सुरू केलं विचारलं तर म्हणायचा, डांबर उरलं होतं. होडीला डांबर लावून झाल्यावर डबा तळाशी राहिला होता, तो फुकट का घालवा म्हणून.

लहानपणी मला वाटे की या रेघा जिन्यासारख्या वर वर गेलेल्या असतील. तशा त्या नव्हत्या. १९८३ ची वर, १९९० ची खाली, मध्येच एखादी दोन बोटं उंच. कारण त्या दिवशी वारा कुठून होता, वरच्या अंगाला पाऊस किती झाला, खाडीचं तोंड वाळूने किती भरलं होतं, हे सगळं त्या एका रेघेत मिसळून येतं. एका गडग्यावरून, चाळीस वर्षांवरून समुद्र वर आला असं म्हणता येत नाही. त्यासाठी मुंबईच्या अपोलो बंदरासारखी जागा लागते. तिथे भरतीमापकाच्या नोंदी १८७८ पासून आहेत. अशा लांब पल्ल्याच्या नोंदी एकत्र मांडल्या तेव्हा दिसलं की उत्तर हिंदी महासागराची पातळी १८७४ ते २००४ या काळात वर्षाला १.०६ ते १.७५ मिलिमीटरने चढत होती, आणि १९९३ ते २०१७ या पंचवीस वर्षांत तो वेग ३.३ मिलिमीटरवर गेला.

वर्षाला तीन मिलिमीटर ऐकून कुणी दचकत नाही, मीही दचकले नव्हते. तीस वर्षांत ते दहा सेंटिमीटर होतात, म्हणजे अर्धी वीत. पण समुद्र भिंतीवर चढत नाही, उतारावर चढतो. आमच्या पुळणीसारखा सपाट उतार असेल, पन्नास पावलांना एक पाऊल उंची, तर अर्धी वीत वर म्हणजे पाच मीटर आत. शिवाय जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. बाहेर पातळी चढली आणि आत आपण पंपाने उपसा वाढवला की दोहोंमधली रेघ सरकते. विहिरीत पंप बसवून वीस वर्षं झाली, हेही मामाने त्याच फोनवर, न विचारता सांगितलं होतं. तो असा प्रामाणिक आहे.

मे महिन्यात विहिरीत पोहलेल्या माणसाला समुद्राचं निम्मं विज्ञान आपोआप कळलेलं असतं. वरचं हातभर पाणी कोमट, जवळजवळ नकोसं. सूर मारून खाली गेलं की पायांना एकदम गारवा लागतो, इतका की माणूस दचकून वर येतो. ऊन वरून तापवतं. गरम पाणी हलकं, ते वरच राहतं. खालचं गार पाणी खालीच. मिसळायला कुणीतरी घुसळावं लागतं. विहिरीत पोरं घुसळतात, समुद्रात वारा.

अरबी समुद्राला घुसळायला नैऋत्य मोसमी वाऱ्यासारखा गडी मिळाला आहे. आफ्रिकेच्या शिंगाजवळून सुटणारा हा वारा सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यालगत खोलातलं गार, खताने भरलेलं पाणी वर ओढतो. मग त्यावर सूक्ष्म वनस्पती माजतात, त्यांवर जवळा-करंदी, त्यांवर तारली-बांगडा, त्यांवर सुरमई आणि शेवटी आपण. भारताच्या बाजूलाही पावसाळ्यात असंच पाणी वर येतं, दक्षिणेकडून सुरू होऊन हळूहळू उत्तरेकडे सरकतं. म्हणूनच पावसाळ्यात होड्या ओढून ठेवायच्या आणि नारळी पौर्णिमेला पुन्हा लोटायच्या, ही रीत निव्वळ भीतीपोटी नव्हती. त्या दोन महिन्यांत समुद्र आपली चूल पेटवून घेत असतो. आता सरकारने १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी घातली आहे. नारळी पौर्णिमा बहुतेक वेळा त्याच्याही पुढे येते.

या समुद्राचं पाणी तापतं आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापासून २०१५ पर्यंत उष्ण कटिबंधातला हिंदी महासागर सरासरी १ अंशाने तापला. जगभरच्या समुद्रांची सरासरी त्याच काळात ०.७ अंश. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले लोक वर्षानुवर्षं हे सांगत आहेत. आपण हवेत सोडलेल्या वायूंनी अडवून धरलेल्या जादा उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून अधिक समुद्राने पोटात घेतली. ती हवेतच राहिली असती तर हा लेख लिहायला मी नसते आणि वाचायला तुम्हीही नसता. वरचा थर तापला की विहिरीसारखंच होतं: थर घट्ट बसतो, वाऱ्याला घुसळणं जड जातं, खालचं खत वर पोचत नाही. हिंदी महासागराच्या पश्चिम भागात साठेक वर्षांत सूक्ष्म वनस्पती २० टक्क्यांपर्यंत घटल्या, असं २०१६ च्या एका अभ्यासात दिसलं. चूल आहे तीच, पण सरपण ओलं.

वादळांबद्दल आमच्याकडे एक जुना समज होता, आणि तेव्हा तो खोटाही नव्हता. वादळं बंगालच्या उपसागरात होतात, तिकडच्या लोकांचं नशीब. आपल्याकडे पाऊस, वीज, फार तर फांदी मोडते. हिशोबही तसाच होता. तिकडे चार झाली तर इकडे एक. आमच्या आजीला चक्रीवादळ हा शब्द वर्तमानपत्रातून माहीत होता.

२००९ च्या नोव्हेंबरात 'फयान' आलं तेव्हा पहिल्यांदा गावातली माणसं आपापल्या होड्यांची नावं घेत बंदरावर रात्रभर उभी राहिली. मग २०१९. त्या एका वर्षात अरबी समुद्रात पाच चक्रीवादळं झाली. त्यातलं 'क्यार' दिवाळीत. ते आमच्यापासून दूर, भर समुद्रात होतं, पुढे ओमानच्या दिशेने निघून गेलं, कोकणात त्याचा डोळा आलाच नाही. पण अमावास्येचं उधाण आणि दुरून आलेल्या लाटा यांची गाठ पडली. देवबाग-तारकर्लीच्या बाजूला घरांत पाणी शिरलं. आमच्या गावात पोरांनी अंगणात बांधलेले किल्ले, मावळ्यांसकट, पावसाने वाहून गेले आणि कापून ठेवलेलं भात खळ्यातच उगवलं.

१९८२ ते २००० ही वर्षं एका पारड्यात आणि २००१ ते २०१९ ही दुसऱ्या पारड्यात ठेवली तर अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढलेली दिसते. बंगालच्या उपसागरात ती थोडी घटली. एवढ्या-तेवढ्या संख्यांवरून टक्के काढू नयेत, हे मला कळतं. पण २०२० च्या ३ जूनला टक्क्यांची गरज उरली नाही.

'निसर्ग' दुपारी रायगडच्या किनाऱ्याला लागलं. दापोली, मंडणगड, श्रीवर्धन, मुरूड, सगळा पट्टा त्याने झोडपला. टाळेबंदी चालू होती, आम्ही पुण्यात अडकलेले, फोन दुपारी बाराला बंद पडला तो पाचव्या दिवशी लागला, तोही मामाचा मुलगा दापोलीच्या पलीकडे टेकडीवर चढला म्हणून. नंतर मामाने सांगितलेलं मी जसंच्या तसं लिहिते. सकाळी वारा नव्हता, नुसता उकाडा. अकराच्या सुमारास पोफळी वाजायला लागल्या. पोफळ उंच, बारीक. वाऱ्यात त्या नेहमीच डोलतात, पण त्या दिवशी एकमेकींवर आपटून काठ्यांसारख्या वाजत होत्या. माड मुळासकट जातो, पोफळ मधूनच तुटते. आधी एक तुटली, तिने शेजारची घेतली, मग ओळच्या ओळ. घराच्या कौलांचा आवाज त्याला आलाच नाही. कौलं गेली हे पाऊस माजघरात पडायला लागला तेव्हा कळलं. साडेतीनशे पोफळींतल्या चाळीस उभ्या राहिल्या.

मी जुलैत गेले तेव्हा मला आधी काय खटकलं तेच कळेना. पडलेली झाडं तर दिसतच होती. मग लक्षात आलं, आगरात ऊन होतं. त्या जमिनीवर मी कधी ऊन पाहिलं नव्हतं. तिथे दुपारी बारालाही हिरवा काळोख असायचा, पाटाच्या पाण्यात पाय सोडून बसायचो. आता मिरीचे वेल आणि जायफळाची दोन झाडं उन्हात करपत उभी होती. नवी पोफळ धरायला सात-आठ वर्षं लागतात. मामा त्या वेळी एकाहत्तर वर्षांचा होता. त्याने रोपं लावली. मी हिशोब मनातच केला, बोलले नाही.

पण मामाचा हिशोब निराळाच चालला होता. जेवताना म्हणाला, "त्या दिवशी तिथी कुठली होती ठाऊक आहे? द्वादशी." बाराची पाऊणपट नऊ. भरती सकाळी नऊच्या सुमारास होऊन गेलेली. वादळ आलं ते दुपारी, ओहोटीत. वादळाने पुढे लोटलेलं पाणी उतरत्या समुद्रावर आलं. "दोन दिवस उशिरा आलं असतं तर पौर्णिमा होती," तो म्हणाला, "आणि सव्वाअकराला आलं असतं तर मी तुला हे सांगायला नसतो." हवामान खात्याचे नकाशे, उपग्रहांची चित्रं मी त्या महिन्यात पुष्कळ पाहिली. चंद्राने आमचं गाव वाचवलं हे मला मात्र आमटी वाढून घेताना कळलं.

गडगा मात्र गेला होता. एक मोठा आंबा त्यावर आडवा पडला आणि चिरे खाली घरंगळले.

आता थोडं माझ्याबद्दल. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्याआधी रसायनशास्त्र शिकले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस विद्यार्थिनी असताना गोव्यात एका प्राध्यापकांच्या ओळखीने पावसाळा सरता सरता एका लहान होडीतून पाण्याचे नमुने घ्यायला जायला मिळालं होतं. दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, १९६६ च्या १ जानेवारीला स्थापन झालेली. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम संपता संपता तिचा जन्म झाला. त्या किनाऱ्यावर अशा कामाची चांगली परंपरा आहे. मला त्यातलं काही माहीत नव्हतं. मला होडी लागली होती आणि मी ओवा चावत बसले होते.

काम साधं होतं. दोरीला बांधलेली, दोन्ही तोंडं उघडी असलेली नळीसारखी बाटली खाली सोडायची. हव्या त्या खोलीवर पोचली की दोरीवरून एक वजन सोडायचं. ते घसरत जाऊन खटका पाडतं आणि बाटली बंद होते. वर आलेलं पाणी बुडबुडा न येऊ देता काचेच्या लहान बाटलीत भरायचं आणि लगेच त्यात दोन औषधं घालायची, आधी मँगनीजचं, मग आयोडाइड घातलेला अल्कली. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो. जितका प्राणवायू जास्त, तितका रंग गडद. वरच्या पाण्याच्या बाटलीत उकाळ्याच्या रंगाचा साका बसला. पाच मीटरच्या बाटलीतही तसाच. मग तळाजवळची बाटली आली. झाकण काढताच सडक्या अंड्याचा वास सुटला. मी औषधं घातली आणि साका बसला तो पांढरा. दह्यासारखा, स्वच्छ पांढरा. मला वाटलं मी एखादं औषध विसरले. पुन्हा केलं, पुन्हा पांढरा. शेजारी बसलेला होडीवाला माझ्या तोंडाकडे बघत म्हणाला, "खाली कोण राहत नाही या दिवसांत."

त्याला ते ठाऊक होतं. जाळं तळाला गेलं की रिकामं येतं, मासळी किनाऱ्याकडे नाहीतर वर सरकते, हे त्याच्या बापालाही ठाऊक होतं. अरबी समुद्रात दीडशे मीटरपासून हजार मीटरपर्यंत मूळचाच एक जाड, प्राणवायू जवळजवळ नसलेला थर आहे, जगातल्या सर्वांत जाड अशा थरांपैकी एक. पावसाळ्यात त्यातलं पाणी वर ओढलं जाऊन किनाऱ्यालगतच्या उथळ भागात पसरतं. हे निसर्गानेच केलेलं आहे. पण गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, थर घट्ट बसले की वरचा प्राणवायू खाली जात नाही, आणि नद्यांतून येणारं खत-सांडपाणी तळाशी कुजताना उरलासुरला खाऊन टाकतं. तो पांढरा साका माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही. वर्गात हा प्रयोग करते तेव्हा नळाच्या पाण्याचा तपकिरी रंग बघून पोरं खूश होतात. पांढरा रंग त्यांना दाखवायची सोय माझ्याकडे नाही.

एका डिसेंबरात आम्ही रात्री पुळणीवर गेलो होतो, भाच्याने हट्टच धरला म्हणून. त्याने मोबाइलवर चित्रफीत पाहिली होती. भरतीच्या लाटा फुटताना निळ्या पेटत होत्या. खरंच पेटत होत्या; विस्तवासारख्या नव्हे, गॅसच्या शेगडीसारख्या. ओल्या वाळूत पाऊल टाकलं की पावलाभोवती निळा उजेड उमटायचा आणि विझायचा. भाचा उड्या मारत होता. मीही मारल्या, उगाच खोटं कशाला सांगू. नॉक्टिल्युका नावाचा, साबुदाण्याहूनही बारीक असा एकपेशीय जीव, धक्का लागला की चमकतो.

त्याची हिरवी जात गेल्या वीसेक वर्षांत अरबी समुद्रात हिवाळ्यात भरमसाट माजते आहे. पूर्वी त्या दिवसांत तिथे वेगळ्या सूक्ष्म वनस्पती असत, माशांच्या उपयोगाच्या. ही जात कमी प्राणवायूतही तग धरते आणि तिला खाणारे म्हणजे मुख्यतः जेलीफिश आणि त्यांचे भाऊबंद. एक कारण असंही मांडलं गेलं आहे की हिमालयावरचा बर्फ कमी झाल्याने तिकडून येणारे हिवाळी वारे पूर्वीइतके गार-कोरडे राहिले नाहीत, म्हणून हिवाळ्यातली घुसळण मंदावली. हिमालयातलं बर्फ आणि आमच्या पुळणीवरचा निळा उजेड! हे वाचल्यावर मी भाच्याला लगेच फोन करणार होते. मग केला नाही. त्याची ती रात्र चांगली गेली होती.

मासळीचं विचाराल तर हर्णैच्या बंदरावर जाऊन उभं राहावं. समोर सुवर्णदुर्ग, होड्यांतून उतरलेली मासळी उथळ पाण्यातून बैलगाडीने पुळणीवर यायची आणि तिथेच वाळूत लिलाव. पाट्यांचे ढीग आणि त्यामागे साडीचा काष्टा घातलेल्या बायका, ज्यांच्याशी भाव करण्याची माझी अजून छाती होत नाही. त्यांतली एक माझ्या आईच्या वयाची, तिला मी विचारलं की काय बदललं. ती म्हणाली, "पहिला बांगडा वरनं घावायचा, आता खालनं घावतो." शास्त्रज्ञांनी नोंदलेलं हेच आहे: बांगडा पृष्ठभागाजवळ थव्याने फिरणारा मासा, पण वरचं पाणी तापल्यावर तो खोल उतरला आणि तळाला ओढायच्या जाळ्यांत सापडू लागला. तारलीचं उलट. ती मूळची केरळ-कर्नाटकाकडची, ती उत्तरेला पसरली. आणि तिच्या माहेरीच तिचा पत्ता राहिला नाही: केरळात २०१२ साली जवळपास ४ लाख टन तारली मिळाली होती, २०२१ साली साडेतीन हजार टनांच्याही आत.

महाराष्ट्राची २०१९ ची एकूण मासळी २.०१ लाख टन, ४५ वर्षांतली सर्वांत कमी. त्या वर्षी वादळांमुळे होड्या कितीतरी दिवस बंदरातच होत्या, हे लक्षात घ्यायला हवं. आणि इथे मला एक सांगायचंच आहे. हल्ली सगळ्याचं खापर हवामानावर फोडायची एक सोय झाली आहे. पर्ससीनच्या जाळ्यांनी थवेच्या थवे उचलले, रात्री दिव्यांचा झगमगाट करून पिल्लांसकट मासळी ओढली, नद्यांवर धरणं बांधून वाळू वर अडवली आणि उरलेली खाडीतून उपसून ट्रकांत भरली, हे काही हरितगृह वायूंनी केलं नाही. हर्णैची ती बाई हे मला ठणकावून सांगत होती, तेही दिव्याच्या मासेमारीत कुणाचे पैसे आहेत ते नावानिशी. पण आजारी माणसाला मारहाण केली तर तो आजाराने मेला म्हणता येत नाही आणि नुसत्या मारानेही नाही. तापलेला समुद्र हा तो आजारी माणूस. त्याला सावरायला आधी मार थांबवावा लागेल, आणि तो थांबवणं आपल्या हातात आहे, निदान गावाच्या आणि जिल्ह्याच्या तरी.

गेल्या वर्षी आषाढी अमावास्येला मी मुद्दाम गेले. मामाने गडगा पुन्हा रचला होता. एकट्यानेच, दोन पावसाळे खपून, नव्या चिऱ्यांचा खर्च नको म्हणून जुनेच चिरे उचलून. मी चालत शेवटपर्यंत गेले आणि थांबले. रेघा होत्या. पण १९८३ ची रेघ तळाच्या थरात, १९९० ची माझ्या खांद्याशी, २००५ ची उभी, म्हणजे चिरा आडव्याऐवजी उभा बसलेला. एका चिऱ्यावर साल उलटं. चाळीस वर्षांच्या नोंदी शाबूत होत्या आणि त्यांचा काडीचा उपयोग उरला नव्हता.

"मामा, हे काय?"

"चिरा जसा बसेल तसा बसवायचा असतो," तो म्हणाला. "रेघ बघून गडगा बांधला असता तर पहिल्या पावसात पडला असता."

मग त्याने पडवीतून डबा आणला. डांबर घट्ट झालं होतं. चुलीवर जरा वेळ ठेवून त्याने ते पातळ केलं, त्यात काठीला चिंधी बांधून बुडवली. मी पिशवीतून मोजपट्टी काढली. यंदा मी ठरवून आले होते: घराच्या जोत्याची पायरी वादळातही हललेली नाही, तिच्यापासून खाली मोजायचं, म्हणजे गडगा पुन्हा पडला तरी आकडा राहील. मामाने मोजपट्टीकडे पाहिलं, काही म्हणाला नाही. एक टोक त्याने स्वतः पायरीवर धरलं.

पाणी अजून गडग्याला लागलं नव्हतं, खारफुटीच्या मुळांत चुळचुळत होतं. त्याने आकाशाकडे पाहिलं, मनाशी काही पुटपुटला आणि म्हणाला, "पाऊण तास आहे अजून. जा, चहा ठेव. वरच्या विहिरीचं पाणी घे."